कप्पीचं गणित

कॉलेजच्या पायरीवर दोन मुली बसल्या होत्या. पेपरला अर्धा तास असेल. एकीने ओढणीच्या एका टोकाला पाण्याची बाटली बांधली, दुसऱ्याला कंपासपेटी, आणि ओढणी मैत्रिणीच्या मनगटावरून खाली सोडली. "तुझा हात म्हणजे कप्पी. बाटली खाली येते, पण दोरीतला ताण दोन्हीकडे सारखाच." दुसरी हसली, "एवढंच होतं होय!"

मी तिथेच थबकले. बारावीला सुनंदाने, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने, फिजिक्सच्या पेपराआधी मला हेच गणित विचारलं होतं. मला ते चांगलं येत होतं. पण आमच्या वर्गात अभ्यास झालाय हे कबूल न करण्याची रीतच होती. मी म्हटलं, "मलाही नाही गं येत."

नेमकं तेच आलं. सांगितलं असतं तर माझा एक मार्कही कमी झाला नसता, हे कळायला माझे केस पिकावे लागले.

पेपर सुटल्यावर सुनंदाने माझा हात धरला. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझंही राहिलंच असेल ना?" मी होकारार्थी मान हलवली.

निकाल लागेपर्यंत ती माझीच काळजी करत होती.