शेवटच्या माणसाची दोरी

सुमतीकाकू गेल्याचं मला मधुकाकांच्या फोनवरून कळलं. सकाळचे सव्वासात झाले होते. मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात कारकून आहे आणि त्या वेळी डबा भरत होतो. "सुमती गेली रे," काका म्हणाले. "पहाटे. अकराला न्यायचंय." मग लगेच, "आणि रविवारची दौडीची मीटिंग आहे तशीच आहे. ये." मी "हो" म्हणालो. या माणसाला मी तोवर कधी दुसरं उत्तर दिलं नव्हतं, आणि आज लिहायला बसलोय तेही त्यामुळेच.

लोणीहून बी.कॉम.ला पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेत काका-काकूंच्या वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू मुलींच्या शाळेत गणित शिकवून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. दुसऱ्यांदा मी संख्याशास्त्रात नापास झालो, तेव्हा जिन्यात काकूंनी मला अडवलं. "अहो लोणी, एकाच विषयात दोनदा नापास होणं ही चिकाटी आहे. ती वाया घालवू नका. उद्यापासून सहाला खाली या." त्या मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करायच्या, आणि त्यातला टोला मला कळायला वर्ष गेलं. शिकवणीचं काय द्यायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "दर वर्षी एक सकाळ. मरेपर्यंत. कुणाच्या, ते पुढचं पुढे." मी पास झालो तेव्हा माझी आई लोणीहून साडी-नारळ घेऊन आली आणि रडतच म्हणाली, "बाई, माझ्या पोराला तुम्ही माणसात आणलं हाय." काकूंनी नारळ घेतला, साडी परत केली. "माणसात नाही, दुसऱ्या वर्गात. माणसांचं मी घेत नाही." त्या दिवसापासून माझं नाव लोणीवरून 'पदवीधर' झालं.

ती एक सकाळ म्हणजे पेठेतली कुटुंबदौड. पेशवाईत कात्रजहून पाणी आणून गावात जे हौद बांधले, त्यातल्या चार हौदांना हात लावत धावायचं. एकटादुकटा चालणार नाही, घरातल्या दोन पिढ्या आणि किमान तीन माणसं हवीत. माइक आणि अध्यक्षपद काकांकडे होतं. बाकीचं सगळं काकू करायच्या. चौकीवर परवानगीसाठी बसायच्या, जुन्या साड्या फाडून नंबर शिवायच्या, गल्लीतल्या मोटारी रात्रीच हलवून घ्यायच्या. दौडीचे नियमही त्यांचेच. पहिल्या वर्षी एका घरातले दोन मुलगे आजोबांना मागे टाकून पहिले आले आणि कपासाठी उभे राहिले. काकूंनी कप टेबलाखाली ठेवला. म्हणाल्या, "आजोबा आले की घर आलं. आत्ता नुसती मुलं आलीत." शेवटच्या हौदाच्या कडीपासून समोरच्या खांबापर्यंत त्या एक जाड सुती दोरी बांधायच्या. घरातल्या शेवटच्या माणसाचा हात दोरीला लागला की ती वेळ त्या घराची. आणि सगळ्यात शेवटच्या घरातलं शेवटचं माणूस येईपर्यंत दोरी उतरायची नाही, मग ऊन किती का होईना. माझं काम शेवटून चालण्याचं. सगळ्यात मागच्या माणसाच्या मागे शाळेतली पितळी घंटा वाजवत जायचं, म्हणजे घंटा पुढे गेली की रस्ता मोकळा झाला असं रिक्षावाले समजायचे. "तुम्हाला मागे राहायची सवय आहे," असं सांगून काकूंनी ते काम मला दिलं होतं.

एवढ्या वर्षांत काकू स्वतः कधी धावल्या नाहीत. मुलगा कॅनडात, काका माइकवर. स्वतःच्याच नियमाने त्यांचं घर दौडीत बसत नव्हतं. काका दर वर्षी माइकवरून सांगायचे, "आमच्या सौभाग्यवती का धावत नाहीत, असं विचारतात. अहो, त्या धावल्या तर बक्षीस समारंभ पुढच्या वर्षी ठेवावा लागेल." लोक दर वर्षी हसायचे. मीही हसायचो. काकू नंबरांच्या पिना मोजत असायच्या.

गेल्या वर्षी मुलगा सात वर्षांच्या इराला घेऊन महिनाभर आला आणि काकूंनी रजिस्टरमध्ये स्वतःच्या घराचं नाव लिहिलं. इराला त्यांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "मेडल तुला आहे. पण आजी आली की आपण आलो, लक्षात ठेव." दौडीच्या दिवशी पहिल्या हौदापासूनच त्या मागे पडल्या. मुलाला आणि नातीला त्यांनी पुढे पिटाळलं. मी मागून घंटा वाजवत होतो. तिसऱ्या हौदापाशी त्या कठड्यावर टेकल्या, एक हात बरगडीखाली दाबून धरलेला. मी रिक्षा बोलवू का विचारलं. "रिक्षाने दोरीला हात लावला तर वेळ रिक्षाची धरावी लागेल," त्या म्हणाल्या. मग हौदाकडे बघत, त्याच आवाजात सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे, पुढच्या दौडीपर्यंतसुद्धा धरून चालू नका असं डॉक्टर म्हणाले आहेत. घरात अजून कुणाला माहीत नाही. "मुलगा परत गेला की सांगेन. आत्ता सांगितलं तर तो मला धावू देणार नाही. एकदा पुरं करायचंय, पदवीधर. रजिस्टरात." त्यांनी माझ्या हातातली घंटा घेतली. "मी वाजवत येते. तुम्ही पळा आणि दोरी धरून ठेवा. तुमच्या काकांना वेळेची फार घाई असते."

मी पळालो. शेवटच्या हौदापाशी बक्षिसं वाटून झाली होती. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि त्यांची मोटार दोरीच्या आत अडकली होती. मुलगा काकूंसाठी पाणी आणायला गेला होता, इरा खांबाला धरून उभी होती. काकांनी मला बघितलं आणि माइक बाजूला न करताच म्हणाले, "बरं झालं आलास. दोरी सोड, गाडी काढायचीय." मी म्हणालो, "काका, काकू येताहेत. गल्लीच्या तोंडाशी असतील." ते हसले. "ती घरचीच आहे. तिला कसली दोरी?" खुर्च्यांवरची माणसंही हसली. तेवढ्यात घंटा ऐकू आली. जवळच, थांबत थांबत... सगळ्यांनी ऐकली. या माणसाच्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली होती, हेच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. काकूंनी जे सांगितलं ते मी काकांच्या कानात सांगू शकलो असतो. पाच मिनिटं थांबा, एवढं तरी म्हणू शकलो असतो. मी दोरी सोडली. मोटार गेली. तिच्यामागे मांडववाल्यांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली. काका रजिस्टर माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "शेवटचं घर राहिलं. अपूर्ण लिही आणि बंद कर." मी तेही लिहिलं.

काकू आल्या तेव्हा दोरी माझ्या हातात गोळा करून धरलेली होती. इराने विचारलं, "आजी, आता आपण आलो का?" काकूंनी आधी हौदाची रिकामी कडी बघितली, मग टेबलावरचं उघडं रजिस्टर, आणि मग मला म्हणाल्या, "अक्षर सुधारलंय तुमचं." घंटा टेबलावर ठेवली, हात पुढे करून माझ्याकडून दोरी घेतली, ती कोपर आणि अंगठ्याभोवती नीट गुंडाळली आणि नातीला घेऊन घरी गेल्या. मेडल इराला मिळालं नाही. काका म्हणाले, "नियम तिच्या आजीचाच आहे."

दिवाळीत मी माफी मागायला गेलो. तोवर घरात सगळ्यांना सगळं कळलं होतं. काकू पलंगावर होत्या, फार वाळल्या होत्या. मी पाया पडलो आणि बोलायला लागलो, तर म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलं असतंत तर मी भांडले असते. तुम्हाला सांगितलं म्हणून केलंत. त्याच्याशी काय भांडायचं?" मग काकांना हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं. चहा मी पूर्ण प्यालो. उठून जायचं धैर्यही मला नव्हतं.

रविवारच्या मीटिंगला मी गेलो. दौडीला यंदा काकूंचं नाव द्यायचं ठरलं आहे. फलकावर त्यांचा फोटो असेल आणि सर्वांत आधी येणाऱ्या घराला त्यांच्या नावाचा फिरता कप. पाहुण्यांच्या सोयीसाठी नऊला दौड बंद होईल. सगळ्यांनी मान डोलावली. मंडळी गेल्यावर काका मला म्हणाले, "गॅलरीत दोरी आहे बघ, सोडून घे. यंदा लागेल." ती तीच दोरी होती. त्या दिवशी घरी जाऊन काकूंनी ती गॅलरीच्या दोन्ही टोकांना बांधली होती आणि वर्षभर तिच्यावर कपडे वाळत होते. आता काकांचा एक पंचा आणि दोन बनियन होते. मी गाठीला हात घातला. पावसाने आवळलेली, मास्तरणीची गाठ. नखं लागेनात. काका आतून म्हणाले, "सुटत नसेल तर काप." मी म्हणालो, "काका, मी नवी आणतो. ही उतरवायची नाही."

काका दारापर्यंत आले. माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे. "हे तेव्हा म्हणाला असतास तर?" ते म्हणाले, आणि वाळलाय की नाही ते बघायला त्यांनी पंचा चाचपला. तो अजून ओला होता. तसाच ठेवून ते आत गेले.