तळहाताएवढं वादळ

माझी बहीण टीव्हीवर हवामान सांगते. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा बोलतो ते मोजायला माणूस ठेवावा लागेल. गिऱ्हाइकाला सांगतो, बँकेच्या रांगेत पुढच्याला सांगतो, एकदा तर दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं असतानाच सांगायला गेलो. का सांगू नको? आमच्या घरातलं तिच्याआधी टीव्हीवर कोण दिसलं होतं? मी एकदा दिसलो होतो गर्दीत, पण पाठमोरा.

मी शटर बसवतो आणि दुरुस्त करतो. दुकानांची, गोदामांची, गॅरेजची. या बाजारातलं जे शटर एका हाताने वर जातं ते माझं, आणि ज्याला दोन माणसं लागतात ते दुसऱ्या कोणाचं. आठवीनंतर शाळेचा आणि माझा काडीमोड झाला. धाकटी मात्र शिकली, आणि नुसती शिकली नाही, धडाधड शिकली.

घरात तिला आम्ही ढगू म्हणतो. लहानपणी घास हातात धरून खिडकीतून ढग बघत बसायची. आई म्हणायची, "ढगांनी पोट भरलं असेल तर ताट उचलते." हिचं आपलं वेगळंच, "आई, वरचा ढग इकडे चाललाय आणि खालचा तिकडे. असं कसं?" आईला काय माहीत असं कसं! मलाही माहीत नव्हतं, पण मोठा भाऊ म्हणून ठोकून द्यायचो, "वरच्याला घाई आहे." ती हसायची नाही. "कसली घाई?" म्हणून पुढे विचारायची. तिचा स्वभावच असा. समोरच्याचं उत्तर कितीही येड्यासारखं असू दे, ती ते हातात घेऊन उलटसुलट करून बघणार.

माझ्या दुकानासमोर एक बाक आहे. संध्याकाळी तिथे आमची हवामान मंडळी बसते. टेलरमास्तर, ज्यांनी खिडकीबाहेर रंगीत कापडाची चिंधी बांधलीय वाऱ्याची दिशा कळायला. बसचे रिटायर झालेले ड्रायव्हरकाका, जे म्हणतात ढग त्यांना काचेतून जास्त चांगले दिसतात. आणि शाळेतून रिटायर झालेल्या बाई, ज्यांच्या भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र आहे. येता-जाता त्याला टिचकी मारतात. तिघांचं कधी एकमत होत नाही. एका गोष्टीवर होतं, ते म्हणजे टीव्हीवाल्यांना काही कळत नाही.

"काही ठिकाणी पाऊस पडेल म्हणे," काका एकदा म्हणाले. "काही ठिकाणी म्हणजे कुठे? तर जिथे पडला तिथे! असं हवामान मी स्टेअरिंग न सोडता सांगीन."

"माझी बहीण आहे ती," मी म्हटलं.

"म्हणून तर बघतो. नाहीतर बंद केला असता."

मागच्या वर्षी ढगूने वादळाचा इशारा दिला होता. लोकांनी सामान आत घेतलं, दुकानं बंद ठेवली, आणि वादळ समुद्रातच वळून निघून गेलं. बाजारात मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जो तो विचारायचा, "काय रे, बहिणीच्या वादळाची बस चुकली का?" दोघांशी तर मी भांडलो. ढगूला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "हसले? काय म्हणून हसले?"

"नावं सांगतो. तू ये, दोघं मिळून बघू एकेकाकडे."

"नावं नकोत रे दादा. नेमकं काय म्हणाले ते सांग."

आता बोला.

यंदा पुन्हा समुद्रात वादळ तयार झालं. टीव्हीवर नकाशा आला, त्यावर एक लाल रेघ. रेघ समुद्रातून येऊन थेट बंदराच्या गावात शिरत होती. आमचं गाव त्या रेघेच्या खाली, चांगलं बाजूला. बाकावर सगळे खूश. मी लगेच बाजारभर सांगत फिरलो की काळजी नको, आपण सुटलो, माझ्या बहिणीने सांगितलंय. मग तिलाही फोन केला.

"सुटलो असं मी कधी म्हणाले?" ती म्हणाली.

"रेघ दाखवलीस ना? आपल्यापासून चार बोटं लांब आहे. मास्तरांनी टेप लावून मोजलं."

"टीव्हीला टेप लावली?"

"मग? टेलर आहेत ते. हाताने मोजतील का?"

 

"दादा, फोन स्पीकरवर टाक. बाकावर कोण कोण आहे?"

मी टाकला. तिने एकेकाला विचारलं, ती रेघ बघून तुम्हाला काय वाटलं. परीक्षा घेतात तसं नाही हां, खरंच विचारलं.

बाई म्हणाल्या, "अगं, मी शिकवलंय पोरांना, तरी मला वाटलं रेघ म्हणजे रस्ता. वादळ त्यावरून येणार आणि जाणार."

"मी तर बस कधी रस्ता सोडून शेतात घातली नाही," काका म्हणाले.

"काका, रेघ फक्त वादळाच्या मध्याची आहे. तुमची बस रस्त्यापेक्षा रुंद असती तर?"

"तर दोन्ही बाजूची झाडं गेली असती."

"तेच. हे वादळ तेवढं रुंद आहे. तुम्ही रेघेवर नाही, पण त्याच्या खाली आहात."

मास्तर टेप गुंडाळत होते. ते म्हणाले, "मग पोरी, रुंदी का दाखवत नाही? नुसत्या शिवणीवरून मला शर्टाचं माप कसं कळणार?"

 मग म्हणाली, "बरोबर आहे. का दाखवत नाही?"

जाता जाता मला विचारलं, "दादा, वाऱ्यात शटर अर्धं ओढून ठेवलं तर?"

"तर गेलंच. वारा खालून शिरतो, पोट फुगतं आणि खाचेतून बाहेर येतं. शटर पूर्ण खाली हवं, आणि दोन्ही टोकांना कुलूप. मधल्या एकट्या कुलपाचा काही उपयोग नाही."

"परत सांग, सावकाश," ती म्हणाली. मी परत सांगितलं. सावकाश.

पुढचं तिच्याकडून नंतर कळलं. तिच्या साहेबांना तिने नकाशावरची रेघ काढून टाकायला सांगितली. साहेब म्हणाले, "रेघ सगळीकडे दाखवतात. लोकांना सवय आहे. मागच्या वेळी तू घाबरवलंस आणि झुळूकसुद्धा आली नाही. आता बंदर सोडून अख्खा किनारा घाबरवणार? परत काही झालं नाही, तर तुला सकाळच्या राशिभविष्याला बसवीन."

साहेबांनी ते हसत सांगितलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं, असं ती म्हणाली. आणि तिला राशिभविष्यापेक्षा दुसरीच धास्ती होती. पुन्हा वादळ वळलं असतं, तर तिसऱ्या वेळी आमच्या बाजारात तिचं कोणी ऐकलं नसतं. आणि आज गप्प बसली असती, तर सगळे उद्या दुकानं उघडी ठेवून पत्र्याखाली बसले असते, मी पहिला.

आता एक गोष्ट सांगतो जी तुम्हाला माहीत नसेल. मी त्या स्टुडिओत जाऊन आलोय. ती ज्या नकाशासमोर उभी असते ना, तो तिथे नसतोच! नुसती हिरवी भिंत. कोरी. मी विचारलं, "नकाशा कुठाय?" म्हणे, मशीन मागून लावतं. तिने बाजूच्या छोट्या टीव्हीत तिरकं बघायचं आणि कोऱ्या भिंतीवर बरोबर गावावर बोट ठेवायचं. सुरुवातीला तिचं बोट समुद्रात पडायचं. घरी आईच्या कपाटाच्या दारावर प्रॅक्टिस करायची.

त्या संध्याकाळी माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. नकाशा आला, रेघ आली, साहेबांनी ठेवलीच होती. ढगू बोलायला लागली आणि मधेच थांबली. छोट्या टीव्हीत बघत तिने हात उचलला, आणि सगळा तळहात नकाशावर सपाट ठेवला. रेघेवर. रेघ झाकून गेली, बंदर बोटांखाली गेलं, आमचं गाव मनगटाशी आलं.

"रेघ बघू नका," ती म्हणाली. "वादळ माझ्या हाताएवढं आहे. जी गावं हाताखाली दिसेनाशी झाली, त्या सगळ्यांनी उद्या दुपारपासून घरात राहायचं."

 मग काका पुढे सरकले, "थांबा, थांबा. माझ्या मुलीचं गाव दोन बोटांच्या फटीतून दिसतंय. म्हणजे ते सुटलं!"

देवाशप्पथ सांगतो, काकांचं बोलणं संपतंय तोवर तिने बोटं मिटली.

"ऐकलं की काय हिने?" काका म्हणाले.

ऐकायला कशाला हवं? तिला बाक माहीत आहे.

मग तिने काय काय करायचं ते सांगितलं. खिडकीपासून लांब, आतल्या खोलीत. पत्र्याच्या छपराखाली थांबायचं नाही, पाटीखाली नाही, झाडाखाली गाडी नाही. पत्रे, कुंड्या, जे काही बांधायचं ते आज. वारा सुटल्यावर कोणी शूर होऊन वर चढायचं नाही. आणि शेवटी, "शटर पूर्ण खाली ओढा, दोन्ही टोकांना कुलूप लावा, मधल्या एकट्या कुलपाचा उपयोग नाही."

"माझं वाक्य!" मी ओरडलो. "शब्दन् शब्द माझा!"

"गप्प बस रे, पुढचं ऐकू दे," बाई म्हणाल्या. पण पुढे काही नव्हतं, जाहिरात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तेलाचा डबा घेऊन बाजारभर फिरलो. अडकलेली शटरं सोडवली, ज्यांना एका टोकाला कुलूप नव्हतं त्यांना तारेने बांधून दिलं. वारा सुटायच्या जरा आधी एकामागून एक सगळी शटरं खाली आली. मी घरी पोचलो, तोवर वाऱ्यापुढे दार लावायला दोघं लागलो, मी आणि आई.

दुपार कशी गेली ते सांगत नाही. बाहेर बघायची मला फार इच्छा झाली होती. आईने माझ्या शर्टाचं टोक हातात धरून ठेवलं होतं. "ढगूने काय सांगितलंय? खिडकीपासून लांब." या वयात.

वादळ रेघेवरूनच गेलं. अगदी तंतोतंत, बंदरातून. साहेबांनी म्हणे ढगूला बोलावून दाखवलं, बघ, आपली रेघ बरोबर होती. आणि आमच्या बाजारात, रेघेपासून चार बोटं लांब, औषधाच्या दुकानावरची मोठी पाटी सुटून आमच्या बाकावर पडली होती. बाकाचे दोन तुकडे. मास्तर, काका, बाई तिघं येऊन त्या तुकड्यांकडे बघत उभे राहिले. नेहमीप्रमाणे भांडलेसुद्धा नाहीत. राशिभविष्याला साहेबांनी दुसऱ्याच कोणाला बसवलं.

ढगू सुट्टी काढून आली तेव्हा मी सगळा बाजार गोळा केला होता. म्हटलं, आता लोक काय काय बोलतात ते तिने ऐकावं. लोक बोललेही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणी दुकान बंद नव्हतं केलं?"

सगळे कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बघायला लागले. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता, पत्रा लागून.

मी म्हटलं, "याला सांगून काय उपयोग? हा कोणाचं ऐकतो?" पण ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलीसुद्धा.

"बातम्या बघितल्या नव्हत्या का?"

"बघितल्या की. तू हात ठेवलेला पण बघितला."

"मग?"

"मग काय, आपलं गाव हाताखाली नव्हतं."

"होतं रे," मी म्हटलं. "मनगटाशी!"

"माझ्या टीव्हीवर मनगट नव्हतं," तो म्हणाला आणि त्याच्या जुन्या डब्याकडे बोट दाखवलं. "याच्यात खालचा भाग कापला जातो. बातम्या सांगणाऱ्यांना हनुवटी नसते. आपलं गाव मी नकाशात कधी बघितलंच नाही. शेजारच्या गावात पाऊस म्हणाले की मी आपलं समजून घेतो."

कोणीतरी हसलं. ढगू नाही. ती उठून त्या डब्यासमोर जाऊन बसली, खाली वाकून, कडेला डोळा लावून. मग म्हणाली, "नकाशा वर घ्यायला हवा." ते स्वतःशीच. आणि पुन्हा त्याच्याकडे वळली. "पण मग तू आवरायला लागलास कधी? दूध उतरवलं होतंस म्हणे."

"शटरं ऐकली ना. धाडधाड, एकामागून एक, भर दुपारी. इतकी शटरं एकदम मी जन्मात ऐकली नव्हती. म्हटलं, काहीतरी आहे. दूध उतरवलं, भांडी आत घेतली, पत्रा बांधायला चढलो आणि तेवढ्यात आलंच. जरा आधी ऐकलं असतं तर..."

"आधी? म्हणजे सगळ्यांनी लवकर ओढली असती तर?"

"हो."

"आणि कुठवर ऐकू येतं हे?"

"काय की. इथवर तर येतं."

तिचे डोळे कसे झाले ते मला लहानपणच्या ढगांच्या खिडकीपासून माहीत आहे. ती उभी राहिली. "दादा, जा. तुझं शटर ओढ."

"आत्ता? गिऱ्हाईक उभं आहे."

"जोरात ओढ."

मी गेलो आणि ओढलं. आमच्या बाजारात शटरचा आवाज काढावा तर मीच. ती चहाच्या टपरीपाशी उभी होती. तिने हात वर केला, म्हणजे ऐकू आलं. मग ती चालत रस्त्याने पुढे गेली, औषधाचं दुकान, सायकलवाला, बस थांबते तिथपर्यंत, आणि परत हात वर केला. मी शटर वर घेतलं आणि पुन्हा खाली सोडलं. मास्तर हातात कात्री घेऊन बाहेर आले. पलीकडच्या दुकानदाराने घाबरून स्वतःचं शटर अर्धं ओढलं.

"पूर्ण!" मी ओरडलो. "अर्धं नाही!"

वरच्या खिडकीतून बाईंनी डोकं काढलं. "काय रे, आलं का परत?"

"नाही बाई, पुढच्या वेळी शटरांनीच इशारा द्यायचा तर तो कुठवर पोचतो, ते ढगू ऐकतेय."

बाईंनी लांब बघितलं. ती वळणाशी पोचली होती, तिथून ती बोटाएवढी दिसत होती, आणि हात खालीच होता. "नाही आलं वाटतं तिला," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुमचंही ओढा की बरोबर. एकट्याने काय होणार?"

मास्तरांनी कात्री खिशात ठेवली. मी एक, दोन, तीन म्हटलं आणि आम्ही दोघांनी एकदम ओढलं.