मावशीचा डबा आणि आबांची वाळू

आधी चहा संपवा, मग सांगतो, नाहीतर हसताना अंगावर सांडून घ्याल. आमच्या घरात मला या एका पराक्रमावरून अजून छळतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतंही.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याहून सावद्याला घरी आलो होतो. धुळ्याची मावशी नुकतीच आजारातून उठली होती, पण तोंडाची चव पार गेलेली. दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिनं फोनवर माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, काहीतरी खायला मागितलं. काय मागितलं ते मी विचारलंही नाही. माझं सगळं लक्ष गाडीत!

गाडी आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती पांढरी मोटार मी विकू दिलेली नाही. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये त्यांचा पत्र्याचा डबा अजून आहे, वाळूनं भरलेला. आबा बिडी ओढायचे, पण थोटूक कधी खिडकीबाहेर टाकलं नाही. कपाशीच्या दिवसांत रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालायच्या, बाभळींना पांढरे पुंजके लटकायचे. अशात कुणी जळती बिडी फेकली की आबा मोटार थांबवून त्याला अशा काही शिव्या घालायचे, की मागच्या सीटवर आम्ही भावंडं नवे शब्द पाठ करायचो. काय दिवस होते हो ते! आता गाडीत कुणी ओढत नाही, तरी दर दिवाळीला मी त्या डब्यात तापीची धुतलेली वाळू भरतो.

तर निघालो. मी चालवतोय, मागे अक्का, तिच्या शेजारी मावशीसाठी भरलेली नव्या कापसाची गादी, डिकीत मावशीचा डबा. अक्काला गाडी लागते म्हणून मागची काच उघडी. एरंडोल मागे पडलं आणि पुढच्या गाडीतून एक हात बाहेर आला. पेटती सिगारेट सुटली, आमच्या बॉनेटवर ठिणग्या उडाल्या आणि सिगारेट गायब.

गेली कुठे? मागची काच उघडी, शेजारी कापूस! मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आणि तेवढ्यात, तुमची शपथ, मला जळका वास आला.

गाडी कडेला घेतली. अक्काला बखोटीला धरून बाहेर काढलं आणि मैलाच्या दगडावर बसवलं. गादी ओढून रस्त्यावर आपटली, उलटी केली, तुडवली. ठिणगीचं नाव नाही, वास मात्र वाढतच चाललेला. अक्का काहीतरी सांगायला बघत होती. मी तिला सारखा दटावत होतो, की बोलू नकोस, धूर छातीत जाईल.

हॉर्न ऐकून पुढची गाडीही थांबली होती. तिच्यातून एक तरुण पळत आला.

"काय जळी राहिनं, काका?"

म्हटलं, तुझी सिगारेट जळतेय, माझ्या बापाच्या मोटारीत! मग जो सुरू झालो! कापूस, वाळलं गवत, पेट्रोल, संस्कार, काही म्हणून सोडलं नाही. आबांचे ते पाठ केलेले शब्दही बरोबर आठवले. पोरगा बिचारा मान खाली घालून उभा.

वास डिकीतून येत होता. आणि पेट्रोलची टाकी तिथंच. आबांची मोटार डोळ्यांपुढे भडकलेली दिसली आणि मला खरंच रडू आलं. वाळूचा डबा उचलला, डिकी उघडली. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आत वाफाळत होतं. फडकं ओढलं, झाकण उडालं, आणि मी सगळी वाळू त्यावर ओतली.

मग अक्का सावकाश उठून आली. तिनं डिकीत पाहिलं.

"आता बोलू का रे बापू? ते भरीत व्हतं."

भरीत! आमच्या शेतातली वांगी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत कुटलेली. मावशीनं मागितलं होतं ते हेच. ज्या वासावर आम्ही लहानपणी हिवाळेच्या हिवाळे काढले, तो सावद्यापासून माझ्या पाठीशी होता. भीतीनं नाक जागं झालं तेव्हा मला ती आग वाटली. इतकी वर्षं बाहेर राहून एवढंही विसरावं माणसानं?

सिगारेट वायपरच्या खाचेत सापडली, केव्हाच विझलेली. पोरानं ती गुपचूप उचलून आबांच्या रिकाम्या डब्यात टाकली. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

धुळ्याला पोचलो. मावशी पलंगावर पडून होती. अक्कानं डबा घेऊन उंबऱ्यात पाय ठेवला तशी ती उठून बसली.

"भरीत आनलं ना वं? वास आला."

"आनलं व्हतं," अक्का म्हणाली. "बापूनं इझवून टाकलं."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं वरचा थर काढायला लावला, तळाचं भरीत वाढून घेतलं आणि भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्लं. मध्येच दाताखाली कचकन वाजलं. ती थांबली.

"तुझ्या बापाच्या शेतातल्या भरताले बी अशीच कचकच राहे," ती म्हणाली.

परवा शेतात पुन्हा भरीत पार्टी झाली. सगळ्यांच्या पानात भरीत, कळण्याची पुरी, कांद्याची पात. मला चुलीपासून सगळ्यात लांब बसवलं होतं, आणि माझ्या पानाशेजारी आबांचा डबा ठेवला होता, काठोकाठ वाळूनं भरलेला.