सम्राट ओव्हाळचं खोकं

वडगाव रासाईचा सम्राट ओव्हाळ आज तुम्हाला भेटला, तर कंपनीचं ओळखपत्र गळ्यात अडकवलेला, बारीक मिशीचा, मोजकं बोलणारा माणूस दिसेल. शिक्रापूरला ऑपरेटर आहे, पर्मनंट झालाय, लोक म्हणतात पोरानं नशीब काढलं. काढलं असेल बाबा! पण हाच माणूस गिटार वाजवायचा, आणि गिटारीसाठी त्यानं स्वतःच्या हातानं एक साऊंडचा बॉक्स बनवला होता, हे त्याच्या लाइनवरच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं.

बाप पोपट, गायन पार्टीतला ढोलकीवाला. जयंतीचे कार्यक्रम एप्रिलात सुरू व्हायचे ते जूनपर्यंत चालायचे, मग बाकीचं काहीबाही, म्हणजे वर्षातले आठ महिने माणूस घराबाहेर. सम्राट नऊ वर्षांचा असताना तो जालन्याकडं कुठल्याशा गावात तापानं गेला. निरोप तिसऱ्या दिवशी आला, तोवर तिकडंच सगळं उरकलं होतं. अंजनाबाईला नवऱ्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. तिनं त्याची ढोलकी पार्टीच्याच माणसाला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. बाई तोंडानं फटकळ, पण या गोष्टीवर कधी चकार शब्द बोलली नाही.

पोराला तिनं दौंडच्या आयटीआयला घातलं. तिथं रेल्वे कॉलनीत एक रिटायर झालेला ख्रिश्चन गार्ड ओसरीवर बसून गिटार वाजवायचा. सम्राट कुंपणाबाहेर सायकल धरून ऐकत राहायचा. चौथ्या दिवशी म्हातारा खेकसला, "बाहेर काय उभा राहतोस वसुलीवाल्यासारखा? आत ये." दोन वर्षांत पोरगा फिटरही झाला आणि गिटारवालाही. आईला त्यानं फक्त पहिलं सांगितलं.

मग शिक्रापूर. हायवेच्या कडेला दहा बाय दहाची खोली, त्यात पाच जण, एक पंखा, आणि बाहेर चोवीस तास ट्रकांचे हॉर्न. कंपनीत मशीनमध्ये पार्ट घालायचा, बटण दाबायचं, पार्ट काढायचा. एका पाळीत साडेनऊशे वेळा. गुरुवारी सुट्टी, की वडगाव. शुक्रवारी पुन्हा बटण. पहिल्या बोनसात त्यानं जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, पण ती वाजवणार कशावर? वस्तीत होता लग्नाचा कर्णा, त्यातून गिटार वाजायची ती पत्र्यावर खडे टाकल्यासारखी. चार वर्षं अशी गेली. रात्रपाळीहून येताना त्याला वाटायचं, आपण इथंच म्हातारे होणार, याच खोलीत, याच पंख्याखाली. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण नोकरी लागलेल्या पोराला दुःख असतं हे आपल्याकडं कुणाला पटतंय?

आणि दोन हजार सालच्या दिवाळीनंतर राहू गावच्या एका लग्नात इंद्रजीतनं त्याला ऐकलं. इंद्रजीत चौफुल्याचा, ऑर्केस्ट्राचा मालक. जेवणाच्या पंगतीतच म्हणाला, "आमचा गिटारवाला पळालाय. येतोस का? माघी पौर्णिमा झाली की रविवारी सकाळी धाला चौफुल्यावरनं गाडी हलनार, ती थेट खानदेशात. पन गड्या, साऊंड आपापला आनायचा. माझ्याकडं कीबोर्डापुरताच हाय."

झालं. सम्राटला दुसरं काही सुचेना. विकतचा बॉक्स त्याच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून तो घरीच करायचा ठरलं. कंपनीत मशिनरीच्या पेट्या यायच्या, त्यांचं पाऊण इंची प्लायवूड भंगारात जायचं. रीतसर गेटपास काढून त्यानं सहा फळ्या एस.टी.च्या टपावरून गावी आणल्या. बारा इंची दोन स्पीकर मिळाले बंद पडलेल्या तंबू थिएटरच्या सामानात, आणि तिथलाच एक जुना अॅम्प्लिफायर. एका स्पीकरचा कागद फाटलेला, तो त्यानं वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि डिंकानं सांधला.

दर गुरुवारी घरासमोर ठाकठूक. जाणारा-येणारा थांबायचा. "काय रं, कोंबड्यांचं खुराडं का?" "आरं खुराड्याला दोन गोल दारं कशाला?" हौसराव आप्पा, म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष, त्यांनी तर चष्मा वर करून विचारलं, "पोरा, ह्या खोक्यात माणूस बसनार हाय का?" सम्राट हसायचा. गोल भोकं पाडायला यंत्र नव्हतं. पेन्सिलीनं वर्तुळ काढून त्याच्या कडेनं शंभरेक बारीक भोकं पाडली, मधला भाग ठोकून काढला आणि कानशीनं घासत बसला. एका भोकाला दोन गुरुवार गेले.

पहिल्यांदा जोडलं ते खिळ्यांनी, आणि तिथंच फसला. गिटारीची जाडी तार छेडली की पेटी कुठंतरी चर्र करायची. कुठं ते कळेना. पेटीवर तळहात ठेवून, कान लावून तो तासन्‌तास ती चर्र शोधायचा. शेवटी सगळी पेटी उकलली, खिळे काढले, फेविकॉल आणि स्क्रूनं पुन्हा आवळली, फटी भुशाच्या लगद्यानं बुजवल्या. आतून लावायला कापूस हवा होता, तर अंजनाबाईनं काही न विचारता गादीची एक बाजू उसवून दिली.

तेव्हा त्यानं तिला सांगितलं. नोकरी सोडतोय, ऑर्केस्ट्रात जातोय. अंजनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "बरं," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "जायच्या आधी बाबासायबांम्होरं वाजव एकदा. पौर्णिमेला. मग जा." सम्राटच्या उरावरचा धोंडा उतरला. एवढ्या सहज सुटू असं त्याला वाटलंच नव्हतं.

माघी पौर्णिमा गुरुवारीच आली. त्यानं रविवारपर्यंतची रजा टाकली होती, राजीनामा पोस्टानं पाठवायचा बेत होता. दोन माणसं लावून पेटी हातगाडीवर चढवली, विहारात नेली. अंजनाबाईनं पांढरं कापड अंथरलं, त्यावर पेटी, पेटीवर मेणबत्ती आणि फुलं. वंदना झाली. मग सम्राटनं भीमगीताची एक जुनी चाल धरली, बाप वाजवायचा त्यातली. अहो, काय आवाज! कर्ण्यासारखा कानात घुसत नव्हता, फरशीतून पायांत चढत होता. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. चर्र नाही, खरखर नाही. सम्राटला वाटलं, आता मला कोण अडवतंय!

अडवलं एका चिठ्ठीनं.

पौर्णिमेला वंदनेनंतर दानाच्या चिठ्ठ्या वाचतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्यानं जे दिलं ते माइकवरून नावानिशी सांगायचं. हौसराव आप्पा वाचत होते, कुणाची पाच किलो साखर, कुणाची सतरंजी. पुढची चिठ्ठी उलगडली आणि त्यांचा आवाज भरून आला. "कालकथित पोपट धोंडिबा ओव्हाळ यांच्या स्मरनार्थ, त्यांचे चिरंजीव सम्राट यांच्याकडून, विहारास हा साऊंड बॉक्स दान!"

"साधू! साधू! साधू!" सगळं विहार गरजलं.

सम्राट गिटार गळ्यात घेऊन तसाच उभा. तोंड उघडायला गेला आणि आप्पांनी त्याला मिठी मारली. "बापाचं नाव काढलंस रं!" आता बोलणार काय? बापाच्या नावानं, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या समोर, भरल्या विहारात दिलेलं दान. ही माझी पेटी आहे, परत द्या, असं म्हणणारा माणूस वस्तीत तोंड कसं दाखवणार? कुणीतरी गैरसमजानं चिठ्ठी दिली असेल, उद्या आप्पांना एकटं गाठून सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

शुक्रवारी आप्पांकडं गेला. आप्पा पोराटोरांना सांगत होते की यंदाची जयंती ह्याच बॉक्सवर. चहा पिऊन परत आला. शनिवारी दुपारी विहारात जाऊन पेटीजवळ बसला. पळवून न्यावी असं शंभर वेळा मनात आलं आणि शंभर वेळा त्याला घाम फुटला. आपलीच वस्तू चोरायची! मध्येच शिक्रापूरची खोली डोळ्यांसमोर यायची. तासाभरानं उठला, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

रविवारी सकाळी साडेआठ वाजले तेव्हा मात्र त्याला राहवेना. चुलीपुढं बसलेल्या आईवर तो ओरडलाच. "आई, ती पेटी मी दान दिली न्हवती! कुनी दिली ती चिठ्ठी? माझा जन्म वाया घालवला त्यानं!"

"मी," अंजनाबाई म्हणाली.

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मीच लिवली. साक्षरतेच्या वर्गाला गेले व्हते, ती तेवढ्या कामाला आली." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "एक मानूस वाजवायला गेला आन् मला त्याची माती बी दिसली न्हाई. दुसरं न्हाई जाऊ द्यायचं मी. काय म्हनायचं ती म्हन मला."

सम्राटच्या अंगाचा तिळपापड झाला. जे तोंडाला येईल ते तो बोलला. घात केलास म्हणाला, बापाचं नाव त्यासाठी वापरलंस म्हणाला, कंपनीत कुजून मरतो आता म्हणजे तुझं समाधान होईल म्हणाला. अंजनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले, पण खाली घातले नाहीत.

"केला घात," ती म्हणाली. "पन काल दुपारी सगळी वस्ती ऊस तोडाया गेली व्हती. विहाराला कुलूप नसतं. हातगाडी आपल्या दारात हाय. तू तासभर तिथं बसून आलास सम्राट. मी हितनं बघत व्हते. का न्हाई उचललीस?"

लोक काय म्हणतील, हे सम्राटच्या ओठांवर आलं, पण आईसमोर ते बोलायची त्याला लाज वाटली.

"जड हाय ती," तो शेवटी म्हणाला. "एकट्याला उचलत न्हाई."

"मग मला हाक मारायचीस की," अंजनाबाई म्हणाली. "मी धरली असती एका बाजूनं."

आणि तिनं खरंच धरली असती, हे त्याला ठाऊक होतं. नऊ वाजले, मग दहा वाजले. तिकडं चौफुल्यावरून गाडी हलली असेल. सोमवारी सम्राट पहिल्या पाळीला हजर होता.