न कापलेल्या घड्या

आन्सेल्म बुर्दिएची जुन्या पुस्तकांची पेटी नदीच्या कठड्यावर माझ्या पेटीला लागूनच होती. वीस वर्षांत आमचं बोलणं हवेपलीकडे फारसं गेलं नाही, आणि पॅरिसच्या हवेबद्दल बोलण्यासारखं तरी काय असतं. बायको गेल्यापासून तो दुपारचं जेवणही उभ्यानेच उरकायचा, नदीकडे पाठ करून.

त्याच्याकडे मौल्यवान म्हणावं असं एकच पुस्तक होतं. फुग्यातून शहराचे फोटो काढणाऱ्या ओक्ताव्ह व्होरेलच्या आठवणी, लेखकाच्या सहीसकट, कुणा बॅरोनेसला सप्रेम भेट. बॅरोनेसने ते उघडलंच नव्हतं. आमच्याकडे पुस्तकं घड्या न कापता, कडेला पानं जोडलेलीच विकतात. वाचणाऱ्याने सुरीने पानं मोकळी करत जायचं. संग्राहकांना न कापलेली प्रतच लागते. म्हणजे पुस्तकाची किंमत टिकली ती बॅरोनेसच्या आळसामुळे.

मे महिन्यात कझालिसबाई आल्या. साठीच्या, एकट्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्या वडिलांनी व्होरेलच्या स्टुडिओत तीस वर्षं फोटोच्या काचा धुतल्या होत्या. पुस्तकात त्यांचं नाव आलंय का, एवढंच बाईंना पाहायचं होतं.

"कापायचं नाही," आन्सेल्म म्हणाला. "डोकावू."

तो जोडलेली पानं हलकेच वाकवून नळी करायचा आणि बाई एक डोळा मिटून आत बघायच्या. दर मंगळवारी चार-पाच पानं.

"आज काय दिसलं?"

"वारा. तीन पानं नुसता वारा."

"फुग्यात बसलेला माणूस दुसरं काय लिहिणार, बाई?"

"खाली दोर धरून उभे असतात त्यांच्यावर लिहावं की."

आन्सेल्म मंगळवारी दाढी करून येऊ लागला. मी म्हटलं, "अरे, कापून मोकळा हो. तासाभरात कळेल त्यांना."

"आणि पुढच्या मंगळवारी?" तो म्हणाला.

मी माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकू लागलो.

ऑक्टोबरात बाईंनी सांगितलं, मोतीबिंदू वाढलाय, शनिवारी बहिणीकडे नेव्हेरला जातेय, कायमची. "राहिलेली पानं राहू द्या. आता काही दिसायचं नाही."

आन्सेल्मने खिशातून सुरी काढली आणि उभ्या उभ्या एकेक घडी कापत वाचत सुटला. तेवढ्या वेळात त्याची गिऱ्हाइकं मी सांभाळली, दोघं होती. दोनशे एकतिसाव्या पानावर तो थांबला.

"'काचा कझालिस धुवायचा. त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही.'"

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "घरीही नाही बोलायचे."

आन्सेल्मने सुरी मिटली. "मे महिन्यातच कापता आलं असतं हे. मीच कापलं नाही."

"माझ्या पिशवीत कात्री असते," बाई म्हणाल्या. "रोज."

पुस्तक त्यांनी घेतलं नाही. हात मिळवला आणि पुलाच्या दिशेने सावकाश, पाऊल चाचपत गेल्या. आन्सेल्मच्या कोटावर कापलेल्या कागदाचा भुसा पडला होता. झटकायला मी हात पुढे केला, तर म्हणाला, "असू दे."