मांडीखालचे हात

तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं? आठवावं लागत असेल तर लाजू नका, मलाही लागलं होतं. मला या प्रश्नापर्यंत आणलं परदेशातून आलेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने. पहिल्यांदा तिच्यासोबत जेवायला बसलो, तेव्हा तिच्यासमोर ताट वाढलेलं होतं आणि तिचे दोन्ही हात मांडीखाली होते.

ती तशीच बसायची. ताट आलं की मांडी घालायची, दोन्ही तळवे मांड्यांखाली सारायची आणि वर सगळं वजन टाकायची, जणू हात सुटले तर चोरी करतील. भाताची वाफ नाकात जायची, नाकपुड्या फुलायच्या. हात मात्र कोठडीत.

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या शेजारी काकाजी आणि काकू राहतात. काकाजींचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान आहे आणि आमगावकडे थोडी धानाची शेती. शाळांच्या अदलाबदलीत त्यांची मुलगी दोन महिन्यांसाठी युरोपात गेली आणि तिकडची ही इकडे आली. पितृपक्ष संपता संपता आली, सोबत दोन जाड स्वेटर घेऊन. तिच्या देशात शरद म्हणजे पानं लाल होऊन गळतात आणि लोक टोप्या शोधतात. आमचा शरद म्हणजे घामोळं आणि धानाच्या लोंब्या. स्वेटर पाहून काकूंनाच घाम फुटला. त्यांनी ते उचलून कपाटात बंद केले.

माझं इंग्रजी बरं असल्यामुळे मी दुभाषा झालो. पण तिला दुभाषा फार लागला नाही, कारण पहिल्याच आठवड्यात तिला एक शब्द सापडला, काऊन. पुस्तकात 'का' असतं, असं मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि काऊनच ठेवलं. गाय रस्त्याच्या मधोमध काऊन? एका स्कूटरवर चार माणसं काऊन? हॉर्न काऊन?

"बेटा, हॉर्न नही बजाया तो गाडी चलतीच नही," काकाजी हसून म्हणाले. तोवर काकाजी हसत होते.

पहिल्या दुपारी काकाजी, मी आणि ती, अशी तीन ताटं मांडली. काकू पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. पाहुणीने हात मांडीखाली घातले.

"काकू कुठे बसणार?" तिने माझ्यामार्फत विचारलं.

"मंग बसतो ना मी. तुमी जेवा," काकू म्हणाल्या.

"मंग म्हणजे किती वाजता?"

त्या घरात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिच्या घरी म्हणे ज्याने रांधलं तो बसल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही. आम्ही जेवलो. ती बसून राहिली. पावणेतीनला काकू आपलं ताट घेऊन चुलीपाशी टेकल्या, तेव्हा ही उठून त्यांच्या शेजारी जाऊन जेवली.

"दो दिन का नाटक है," काकाजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घट बसले, आणि नाटकात अख्खा मोहल्ला शिरला.

काकूंना नऊ दिवसांचा उपवास. त्या दुपारी उशिरा थोडा साबुदाणा घ्यायच्या. पाहुणीही तोवर तोंडात काही घालायची नाही. उसनं पीठ घ्यायला आलेल्या एका बाईने हे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत फुलचूरभर झालं : गोरी पोरगी कडक नवरात्र धरते, घरच्या बाईच्या आधी घास घेत नाही. बायका तिला बघायला येऊ लागल्या. केळी आली, शिंगाड्याचा शिरा आला, पुन्हा केळी आली. एका आजीबाईंनी वाकून तिच्या पायाला हात लावला. काही पडलं असावं असं समजून हीसुद्धा वाकली आणि दोघी बराच वेळ फरशीवर शोधत राहिल्या.

"केळी काऊन?" तिने मला विचारलं.

खरं काय ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "आमच्याकडे पाहुण्यांना केळी देतात." माझ्यावर पत्रकांचे संस्कार आहेत. बाबांच्या चळवळीची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. सत्य निर्भयपणे सांगावं, हे मी स्वतः दोन पत्रकांत लिहिलेलं आहे. पण इतकी मजा कोणी मोडावी? सातव्या दिवशी काकाजी दुकानात खिळ्यांसोबत केळी वाटत होते, आणि हो, मिशीला पीळ देत होते. "हमारे घर की बच्ची है," गिऱ्हाइकांना सांगायचे.

दसऱ्याला उपवास सुटायचा. पुऱ्या, खीर, वड्या. पाच-सहा शेजारणी खास ते पाहायला आल्या. पाहुणीपुढे ताट ठेवलं, आणि तिने हात मांडीखाली घातले.

"सोड बाई आता, नवरात्र झालं," एकजण म्हणाली.

"काकू बसल्या नाहीत," ती म्हणाली. एवढं मराठी ती नीट बोलू लागली होती, हे आमचं दुर्दैव.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की देवीचा यात काही संबंध नव्हता. शेजारणी एकेक करून उठल्या. जाताना त्यातल्या दोघींनी मागे वळून पाहिलं. पाहुणीकडे नाही, दारात पळी घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे.

"मंजे नऊ दिवस हे माह्याच घरात बसून माही बेइज्जती करून राहिली?" काकाजींनी फोन उचलला आणि अदलाबदल करणाऱ्या संस्थेच्या साहेबांना बोलावलं. रविवारी या आणि हिला नागपूरला दुसऱ्या घरी न्या. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच काऊन म्हणाली नाही. काकूंचं माहेर नवेगाव बांधचं. दिवाळीनंतर तिथली मंडईची जत्रा दाखवीन, सगळे पाव्हणे येतात, पाळणे येतात, दंडार नाचतात, असं काकूंनी तिला रोज सांगितलं होतं. आता ते गेलं. ती आत जाऊन कपाटातले स्वेटर बॅगेत भरू लागली.

शुक्रवारी आमगावला लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी होती. घरी एकटी काय करेल, म्हणून तिलाही नेलं. काकू कंबरेला पदर खोचून कापणाऱ्या बायांच्या ओळीत उतरल्या. त्यांचा विळा असा चालत होता की पाहुणी पेंढ्या उचलायचं विसरून बघतच राहिली. दुपारी शिदोऱ्या सुटल्या. शेताच्या कडेला धुऱ्यावर सगळे गोल बसले, काकाजी, मी, कापणाऱ्या बाया. आणि काकू. त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. भातावर लाखोरीची डाळ ओतली, वाळलेल्या मासळीची चटणी घेतली आणि पहिला घास त्यांनीच मारला.

पाहुणीचे हात सवयीने मांडीखाली गेले होते. तिने काकूंच्या भरल्या गालाकडे पाहिलं, हात बाहेर काढले आणि जेवू लागली. अर्ध्या जेवणात थांबून म्हणाली, "इथे बसता. घरी काऊन नाही?"

"इथं काम करून भूक लागते ना बाई."

"घरी काम नसते?"

कापणाऱ्या बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. "आता दे जबाब, मालकीनबाई!" काकाजी शेजारच्या शेताच्या बांधीतल्या बगळ्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पाहुणीच्या भातावर अजून डाळ ओतली आणि तिच्या आणखी जवळ सरकून बसल्या.

रविवारी साहेब आले. भला माणूस, चष्म्यावरून बघणारा. काकाजींनी सगळी कहाणी सांगितली, बॅग दाखवली, आणि जेवूनच जा असा आग्रह केला. चार ताटं. पाहुणीचे डोळे लाल आणि हात मांडीखाली.

"सांग तिले," काकाजी मला म्हणाले, "आजचा शेवटचा दिवस हाये. हात काढ आनि सीधी जेव. एवढ्यासाठी तरी आयक म्हना."

मी इंग्रजीत सांगितलं, "आज काहीही झालं तरी हात काढू नकोस."

साहेबांना इंग्रजी येतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एक पापड मोडला.

तेवढ्यात काकू आतून आल्या. एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्या हातात डाळीचं. दोन्ही त्यांनी आमच्या मधोमध ठेवली, परत गेल्या, आणि आपलं ताट घेऊन पाहुणीच्या शेजारी धपकन बसल्या.

"साहेब, पोरीले नेऊ नका," त्या म्हणाल्या. "माही पोरगी बी तिकडं कोनाच्या घरी हाये. थे तिकडं हातानं भात खात असंन. म्हून तिले कोनी घरातून काढलं त मी इथं का करू?" मग काकाजींकडे वळल्या. आवाज तोच. "आनि तुमाले डाळ पाहिजे असंन त हाताशी हाये. घ्या."

काकाजींनी पळीकडे पाहिलं. साहेबांनी हळूच आपलं ताट पुढे सरकवलं. झालं! पाहुण्याला नाही कसं म्हणणार? माझ्या आठवणीत काकाजींनी पहिल्यांदाच डाळ वाढली. अर्धी भातावर पडली, अर्धी साहेबांच्या गुडघ्यावर.

पाहुणीने हात बाहेर काढले तर दोन्ही बधिर. घास उचलला की बोटांतून गळायचा. शेवटी काकूंनीच तिला पहिला घास भरवला आणि मग स्वतः खाल्ला. साहेब एकटेच नागपूरला परत गेले.

त्या दुपारी हात धुताना तिने मला विचारलं, "तुझी आई कधी जेवते?"

समतेवर बोलायला सांगा, मी अर्धा तास बोलेन. पण हे मला माहीत नव्हतं. घरी गेलो. आई भांड्याच्या बुडाचा भात खरवडून खात होती, उभ्यानेच. समोरच्या फळीवर माझी पत्रकं होती आणि त्यांच्या शेजारी माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट.

तिने नवेगावची मंडई पाहिली. पाळण्यात बसून ओरडली, दंडारीत नाचली, आणि तलावावरच्या पहाटेच्या गारव्यात एकदाचा तिचा स्वेटर कामी आला. कार्तिक संपता संपता ती गेली. काकूंची मुलगी परत आली. मोहल्ल्यात काऊन पूर्वीसारखंच बोललं जातं, पण तसं विचारणारं आता कोणी नाही.

काकाजी आता ताट आलं की दोन्ही हात मांडीखाली घालून टीव्हीकडे बघत बसतात, काकू येईपर्यंत. भर मे महिन्यात मी एकदा विचारलं, "हे काऊन काकाजी?"

"ठंड है," ते म्हणाले.

तर आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आज ताट समोर आलं की हात मांडीखाली घाला. भात निवेल, निवू द्या. आतून आवाज येईल, "तुम्ही जेवा ना, मी बसते मग." तेव्हा एवढंच विचारा, मग म्हणजे किती वाजता? आणि उत्तर ताट घेऊन शेजारी येऊन बसेपर्यंत हात बाहेर काढू नका.