आठ दिवसांनी निम्मं

गळ्यात गाठ आली तेव्हा पहिलं वर्ष मी ती पदराखाली झाकली. विड्या वळायला बसलं की मान खालीच असते, कुणाला दिसत नाही. पुढे घास अडकायला लागला, तेव्हा मुलानं दवाखान्यात नेलं. गाठ कॅन्सरची निघाली. कापून काढली. त्याचं मला फार वाटलं नाही, वय झालं होतं. लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, बारीकसारीक अंश मागे राहिला असेल, तो जाळायला आयोडीनची गोळी घ्यावी लागेल. त्याआधी दोन आठवडे पिशवीतलं मीठ बंद, दूध बंद, मासळी बंद. गळ्यातल्या ग्रंथीला आयोडीन लागतं आणि ती ते मिठातून घेते. तिला आधी उपाशी मारायचं आणि मग किरणं टाकणारं आयोडीन तिच्यासमोर ठेवायचं. ती ते नेहमीचंच समजून ओढून घेते आणि मरते. मला ही युक्ती आवडली नाही, पण पटली.

नीट उलगडून सांगितली ती नातीनं. मुलाची एकुलती एक मुलगी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, करमाळ्याला दिली. त्या वेळी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडं आली होती, सातवा महिना. सून नोकरीला जायची म्हणून या पोरीला मीच वाढवली. माझ्या पायांवर न्हाली, माझ्या मांडीवर झोपली. ती खाटेवर बसून सांगत होती आणि मी मीठ नसलेली भाकरी चावत होते. अणूच्या मध्यात दोन जातीचे कण असतात. एका जातीवरून ठरतं की हे आयोडीन की लोखंड. त्रेपन्न असले की आयोडीन. दुसऱ्या जातीचे कमीजास्त झाले तरी नाव तेच, वागणूक तीच. गोळीतल्या आयोडीनमध्ये चार जास्त असतात, म्हणून ते आत टिकत नाही, फुटतं आणि किरणं टाकतं.

मी म्हटलं, म्हणजे विडीसारखं. वरून पान तेच, दोरा तोच, आत तंबाखू चिमूटभर जास्त. कारखान्यात तपासणाऱ्याला कळतं, ओढणाऱ्याला नाही. ती हसली, म्हणाली, आज्जी, तू पुढं शिकली असतीस तर आम्हाला शिकवलं असतंस. चौथीनंतर मला विडीला बसवलं, हे तिला ठाऊक होतं.

मग तिनं हाडातला चुना, रक्तातलं लोखंड, सगळं सांगितलं. पोटॅशियम म्हणून एक असतं, ते डाळीत, केळ्यात, सगळ्यांच्या अंगात असतं आणि त्यातलं थोडं जन्मापासूनच किरणं टाकत असतं. हे मी लक्षात ठेवलं.

गोळी पुण्यात दिली. जाड दाराच्या खोलीत तीन दिवस एकटी. जेवण दाराशी ठेवायचे आणि लांब उभं राहून हाक मारायचे. घरी पाठवताना कागद दिला. पंधरा दिवस वेगळं झोपा, ताटवाटी वेगळी ठेवा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहा. नियम बरोबर होता. घरात गरोदर पोर होती. मी स्वतःच मुलाला म्हटलं, गच्चीवरची पत्र्याची खोली झाडून दे. मार्च संपत आला होता. दुपारी पत्रा असा तापायचा की मी ओलं लुगडं अंगावर घेऊन पडायची. सून जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवून जायची. नात खाली अंगणात उभी राहून विचारायची, बरं हाय का आज्जी.

मला त्या दिवसांत एकच वाटत होतं. तिच्या बाळाला मी न्हाऊ घालणार. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हालेली आहेत. टाळू भरणं, नाक ओढणं, शेक देणं, माझा हात लोकांना माहीत आहे. तेवढ्यासाठी मी पंधराचे सोळा झाले तरी बसले असते.

सोळाव्या दिवशी अंघोळ करून खाली आले. सुनेनं माझ्या हातातलं ताट दोन बोटांनी धरलं आणि मोरीबाहेर ठेवलं. म्हणाली, "आत्या, अजून थोडं दिवस वरच थांबा की."

मुलगा कागद घेऊन बसला. तो सरकारी कचेरीत आहे, त्याला हिशोबाची सवय. आठ दिवसांनी हे आयोडीन निम्मं होतं, त्यानं कुठंतरी वाचलं होतं. म्हणाला, "आई, आठ दिवसांनी निम्मं. आणखी आठ दिवसांनी निम्म्याचं निम्मं. मग त्याचं निम्मं. असं करत गेलं तर ते संपतच न्हाय."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. त्यानं फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा दिवस झाले, आता काही भीती नाही, बरंचसं लघवीतून कधीच निघून गेलं. मुलानं विचारलं, पण अगदी शून्य झालं का? डॉक्टर म्हणाले, शून्य तर कुणातच नसतं. झालं. बाकीचं सगळं विसरले आणि घरात तेवढं एकच वाक्य राहिलं.

विटाळाला, सुतकाला निदान दिवस ठरलेले असतात. दहावं झालं, तेरावं झालं, न्हालं की माणूस घरात. इथं न्हाऊन काही होत नव्हतं.

मी नातीकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं. एका शब्दानं बापाचं गणित मोडता आलं असतं. ती पोटावर हात ठेवून फरशीकडं बघत होती.

मी म्हटलं, "तूच सांगितलं न्हवं, जन्मापासून समद्यांच्या अंगात हाय म्हणून? मग तुझ्या पोटातलं पण द्या वर पाठवून माझ्याकडं. दोघं राहू."

सून म्हणाली, असलं अभद्र बोलू नका. नात रडली. मुलगा म्हणाला, आई, तुला समजत न्हाय. मी वर गेले.

माझ्या आईला होटगीकडच्या गावात वरून ओंजळीत पाणी ओतायचे. ओतणारे अडाणी होते असं आम्ही म्हणायचो. माझ्या घरात सगळे शिकलेले. त्यांनी माझं ताट बाजूला ठेवलं ते गणित करून ठेवलं, आणि गणितापुढं मला बोलता येत नव्हतं. दोन्हीतलं जास्त कुठलं लागतं, मला विचारा.

मे महिन्यात नातीला मुलगा झाला. गोळीला दोन महिने होऊन गेले होते. मला मोबाइलवर फोटो दाखवला. न्हाऊ घालायला एक बाई लावली. सकाळी खालून आवाज यायचा. पोर ज्या सुरात रडायचं त्यावरून पाणी कढत आहे हे मला कळायचं. दोनदा ओरडून सांगितलं, गार पाण्याचं विसावण घाला. खाली पाणी तसंच पडत राहिलं.

एका सकाळी बाई आली नाही. तिच्या भावजयीचं अक्कलकोटला काही झालं होतं. पोर सारखं रडत होतं. सून जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबली. "आत्या, आजच्या दिवस तेवढं न्हाऊ घालता का? मला भ्या वाटतंय, हातातनं निसटल."

मी विचारलं, "आता संपलं का निम्मं?"

तिनं पदरानं हात पुसले. मला नाही म्हणता आलं असतं. मी उतरले.

पाटावर बसून पाय लांब केले. नात बाळ घेऊन आली आणि थांबली. म्हणाली, "आज्जी, हात तेवढं साबणानं धुऊन घे."

बाळंतपणात कुणीही हात धुतोच, मीही धुणारच होते. पण ती तसं म्हणत नव्हती, आणि ते आम्हा दोघींना कळलं. मी कोपरापर्यंत हात धुतले, तिच्यासमोर, दोनदा. तिनं पोर पायांवर ठेवलं. पहिला तांब्या पडला तसं ते गप्प झालं. टाळू भरली, पाठ चोळली, कानामागचं दूध काढलं. बापावर गेलाय, कान मोठे आहेत. धुरी देऊन दुपट्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, किती शांत झोपलं. सुनेनं चहा दिला. मी तो उभ्यानंच प्याले.

दुसऱ्या दिवशी बाई आली. मला कुणी हाक मारली नाही. मी वाट बघितली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.